पोस्टमास्तरांचं पिवळं दार

एक

पोस्टमास्तरांनी खिशातून किल्ली काढली, कुलपात घातली, कुलूप उघडलं आणि किल्ली बाहेर काढून तिच्याकडे बघतच राहिले. किल्ली पिवळी झाली होती. मग त्यांनी मान वर केली. दारही पिवळं होतं.

आता किल्लीच्या आधी दार दिसायला नको होतं का, असं कुणीही म्हणेल. पण रिटायर झाल्यापासून आमचे पोस्टमास्तर पायाखालच्या फरशा बघत चालतात. शिवाय कानाने कमी ऐकू येतं, म्हणून बोलतात मात्र दणक्यात. "अहो, धावा! माझं दार कुणीतरी बाटवलं!" असे ओरडले, की सभागृहातून घरी निघालेली सगळी गल्ली चपला अर्धवट घालून पळत आली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, दार पिवळं झालं तर झालं. पण आमची गल्ली जुनी. एकाला एक चिकटलेली बैठी घरं, दगडी पायऱ्या, लाकडी दारं. तोंडाशी सभागृह, त्याच्या ओसरीत एक बाक, आणि बाकापासून घरांची रांग सुरू. ही गल्ली जशी आहे तशी राहावी म्हणून आम्ही जतन समिती काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणी मंडळ येणार होतं. त्यांनी होकार दिला की कुठल्याही बिल्डरला इथली वीटही हलवता आली नसती. त्याचीच शेवटची तयारी करायला आम्ही सगळे दुपारभर सभागृहात बसलो होतो, आणि तेवढ्यात हा प्रकार.

दारांचा रंग हा तर समितीचा जीव. आमचे सेक्रेटरी इमारतींचे नकाशे काढतात, माणूस हुशार आणि कामाला वाघ. त्यांनी स्वतःच्या दाराचे रंगाचे पापुद्रे एकेक करून खरवडले आणि सगळ्यात खाली निघाला गडद हिरवा. झालं! गल्लीचा मूळ रंग हिरवा. गेल्या वर्षी सगळी दारं एका रंगात रंगली. त्या सरसकट हिरव्यात आता हे एक हळदीसारखं पिवळं दार.

"उद्या सकाळी पाहणी आहे आणि आज हा घात!" सेक्रेटरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "रंगाऱ्याला बोलवा! आत्ताच्या आत्ता परत हिरवं करा!"

"कुणी हात लावायचा नाही," मागून आवाज आला.

या आमच्या वन्सं. ह्यांची थोरली बहीण. जन्मभर विमा कंपनीत नोकरी केली. कुठे गोदाम जळालं, कुठे ट्रक उलटला, की नुकसान खरं की सोंग ते बघायला वन्संना धाडायचे. चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आल्या आणि अजून आहेत. घरात दूध उतू गेलं तरी "त्या वेळी ओट्यापाशी कोण होतं?" असं विचारतात. माझे नाकी नऊ आणतात, पण खोटं कशाला बोलू, मला आवडतात.

वन्सं चष्मा कपाळावर सरकवून कुलपापाशी वाकल्या. मग मला म्हणाल्या, "वहिनी, इकडे ये. तुझी नजर सुईत दोरा ओवणाऱ्याची. किल्लीच्या भोकाभोवती काय दिसतं?"

"ओरखडे आहेत, वन्सं. ओल्या रंगावर. चिक्कार."

"पोस्टमास्तर, तुमच्या किल्लीने झाले का हे?"

"माझी किल्ली? पहिल्या फटक्यात जाते ती!" पोस्टमास्तर गरजले.

"म्हणजे आणखी एक किल्ली होती," वन्सं हळूच म्हणाल्या. "आणि ती लागली नाही."

दोन

चोर आला होता, असं मग गल्लीने ठरवूनच टाकलं. वन्संनी कुणाशी वाद घातला नाही. मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि फरशीवरचे थेंब दाखवले. पिवळे थेंब सभागृहाच्या ओसरीपासून निघाले होते. तिथे बाकाखाली समितीचे रंगाचे डबे ठेवलेले असतात: दारांसाठी हिरवा, आणि गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावू नयेत म्हणून जो पट्टा मारलाय त्याचा पिवळा. थेंब भिंतीला अगदी घासून आले होते आणि पोस्टमास्तरांच्या पायरीशी थांबले होते.

"एवढी मोकळी गल्ली पडलीय," वन्सं म्हणाल्या, "आणि हा माणूस भिंतीला का चिकटून चाललाय?"

"कुणाला दिसू नये म्हणून."

"बघायला होतं कोण? सगळे सभेत."

रंगारी आला. त्याच्यावर संशय होताच. एवढ्या दारांना एकच रंग द्यायला सांगितला म्हणून तो वर्षभरापूर्वी सेक्रेटरींशी कडाकडा भांडला होता. त्याने दाराकडे एकदा बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या बापाला शिवी दिली.

"ताई, हे माझं काम? अहो, कागदावरनं ब्रश फिरवलाय!"

खरंच की. 'बेल बंद आहे. जोरात ठोठावा.' अशी चिठ्ठी पोस्टमास्तरांनी दारावर चिकटवलेली असते. तीही पिवळीधमक झाली होती, अक्षरं खालून पुसट दिसत होती.

"झोपेत रंगवलं ना, तरी मी कागद आधी काढीन," रंगारी म्हणाला. "पण एक सांगतो, हात वाईट नाही हं. कडा बघा, बिजागऱ्या बघा. बोटाने चाचपून चाचपून दिलाय रंग. फक्त डोकं ठेवलं नाही जागेवर."

"डोकं का आणखी काही?" वन्सं पुटपुटल्या. मला वाटलं, त्यालाच टोमणा मारला.

दुसरा संशयित दलाल. त्याला ही गल्ली पाडून मजले चढवायचे आहेत, हे शेंबडं पोरही सांगेल. तो समोरच्या चहाच्या टपरीवर दुपारभर बसला होता आणि टपरीवाल्याने ते कबूलही केलं.

"बाई, मला घरं हवीत, दारं रंगवून मी काय करू?" दलाल हसला. "टपरीवरून मला गल्ली दिसत नाही, ओसरीचा बाकाकडचा कोपराही नाही, सभागृहाचं दार तेवढं दिसतं. सभा चालू असताना त्यातून एकच माणूस बाहेर पडलं. तुमच्या सेक्रेटरींची बायको. आणि परत आली ती बऱ्याच वेळाने."

मी गळ्यातला मापाचा टेप बोटाभोवती गुंडाळायला लागले. कारण ते मलाही ठाऊक होतं, आणि त्याहून जास्तही.

"वहिनी," वन्सं माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोलून टाक. टेपशी चाळा करतेयस मघापासून."

बोलावंच लागलं. सेक्रेटरींच्या बायकोला आम्ही सगळे सूनबाईच म्हणतो; ती सभेला आली तेव्हा तिच्या अंगात राखाडी कुर्ता होता, बाहीला मी स्वतः दुमड घातलेला. परत आली ती तपकिरी कुर्त्यात. शिवणाऱ्या बाईच्या नजरेतून कपडा सुटत नाही, काय करणार?

तीन

आम्ही सेक्रेटरींच्या घरी गेलो. त्यांचं घर पोस्टमास्तरांना लागूनच. दाराच्या आत एक बॅग भरून ठेवलेली होती.

ती बॅग कुणाची, ते गल्लीला माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल मोठ्याने बोलत नव्हतं. सेक्रेटरींची आई, आम्हा सगळ्यांची आजी, पाहणी उरकली की वृद्धाश्रमात जायची होती. गेल्या वर्षभरात आजी भलत्याच घरात शिरायला लागली होती. संध्याकाळी बाकावर बसायची आणि उठून सरळ पोस्टमास्तरांच्या घरात. एकदा तर त्यांच्या खाटेवर पाय पसरून झोपली. सेक्रेटरी रडकुंडीला आले होते. "डोकं चालेनासं झालंय हो तिचं. उद्या रस्त्यावर गेली, गाडीखाली आली तर?" असं म्हणत होते. वाईट माणूस नाही तो. घाबरलेला मुलगा होता.

आजी खिडकीशी बसली होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "ये गं शिवणवाली. जगाचे कपडे शिवतेस, आणि चपलेचा पट्टा अजून तसाच? फटफट वाजतोय."

"आजी, मला ओळखलंत?" वन्संनी विचारलं.

"बोललीस की ओळखलं. तू हिची नणंद. हिच्या लग्नात रुसून बसली होतीस, मला आठवतं."

मी हसू दाबलं. वन्सं लाल झाल्या. त्यांनी आपला चष्मा काढून आजीच्या समोर धरला, काही न बोलता. आजीने काही केलं नाही. मग वन्संनी माझ्या गळ्यातला मोजायचा टेप ओढून घेतला, पिवळाजर्द, आणि तसाच धरला. आजीचा हात लगेच पुढे आला.

"हा टेप ना हिचा? हा दिसतो बाई. बाकी सगळा चिखल."

वन्संनी आजीचा हात हातात घेतला, उगाच थोपटल्यासारखं केलं आणि सोडला. बाहेर पडताना स्वतःची बोटं नाकाशी नेली. "रॉकेल आणि साबण," एवढंच म्हणाल्या.

सूनबाई मागच्या अंगणात होती. राखाडी कुर्ता बादलीत भिजत होता आणि पाण्यावर पिवळा तवंग. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली. तेवढ्यात सेक्रेटरीही पाठोपाठ आले, त्यांच्यामागे पोस्टमास्तर, आणि त्यांच्यामागे निम्मी गल्ली. आमच्याकडे कुणी कुणाच्या घरात शिरायला विचारत नाही.

सेक्रेटरींनी बादलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "हे काय आहे?"

सूनबाईने एकदा घरात, खिडकीकडे नजर टाकली. मग मान ताठ केली.

"मीच रंगवलं दार. मला तुमच्या त्या हिरव्याचा वीट आलाय. करा काय करायचं ते."

चार

सेक्रेटरींचं तोंड उघडं ते उघडंच. पोस्टमास्तरांनी मला मोठ्याने विचारलं, "काय म्हणाली?" आणि मी त्यांना चिमटा काढला.

"खोटं," वन्सं म्हणाल्या. "पण किती मायेचं खोटं गं! बस खाली, पोरी. सेक्रेटरी, तुम्ही या माझ्याबरोबर. वहिनी, तुझ्या दुकानातून काळं अस्तर आण. दुहेरी घडीचं."

मी पळत गेले, पळत आले. दिवे लागायची वेळ झाली होती. वन्संनी सेक्रेटरींना सभागृहाच्या बाकावर बसवलं आणि डोळ्यांवर अस्तर बांधलं.

"हा काय पोरखेळ आहे?"

"पोरखेळच. लहानपणी दिवे गेले की कसे यायचात घरी?"

"भिंतीला हात लावून. दारं मोजत. तिसरं दार आमचं." अस्तराखाली त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "आईनेच शिकवलं होतं."

"तसेच जा. किल्ली हातात ठेवा. घरात शिरून दाखवा, की मी माझी बॅग भरून माझ्या घरी जाते."

हे म्हणाल्या तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी सांगणार नाही.

सेक्रेटरी उठले. डावा हात भिंतीला लावून निघाले. हाताला लाकूड लागलं, "एक." पुढे गेले, "दोन." आणखी पुढे, "तीन." पायरी चढले, किल्ली भोकात घातली आणि फिरवली. फिरेना. पुन्हा घातली. कुलूप खरखरलं.

"काढा अस्तर," वन्सं म्हणाल्या.

ते पोस्टमास्तरांच्या पिवळ्या दारासमोर उभे होते. त्यांनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं. ती पिवळी झाली होती.

"पण... तिसरंच दार आहे आमचं," ते म्हणाले.

"होतं. पहिलं 'एक' म्हणालात ते काय होतं, ते बघून या."

ती पंपाची खोली होती. सभागृह आणि पहिलं घर यांच्यामधली. तिला जन्मात कधी दार नव्हतं, नुसती लोखंडी जाळी होती. गेल्या वर्षी सगळं एकसारखं दिसावं म्हणून समितीनेच तिला लाकडी दार बसवलं आणि हिरवं रंगवलं. नकाशा खुद्द सेक्रेटरींचा.

"आता ऐका," वन्संनी पदरचं काही न घालता, साधं सांगायला सुरुवात केली. "चोर आधी कुलूप उघडतो. खोडसाळ माणूस रंग फासतो आणि पळतो. इथे आधी रंग लागला आणि मग, तो ओला असताना, कुणीतरी किल्ली लावून आत जायला बघितलं. रंग देऊन झाल्यावर त्याच घरात कुणाला शिरायचं असतं? ज्याचं ते घर आहे त्याला. म्हणजे रंगवणाऱ्याला वाटत होतं की हे दार आपलंच आहे."

"पण मग..."

"मग तो माणूस भिंत धरून चालतो. दारावरचा कागद त्याला दिसत नाही. बोटांनी चाचपून कडा मात्र सुंदर रंगवतो. आणि त्याला पिवळा दिसतो, बाकी सगळा चिखल." वन्सं सूनबाईकडे वळल्या. "सूनबाई सभेतून घरी डोकावायला गेली तेव्हा आजी या दाराशी उभ्या होत्या. एका हातात ब्रश, एका हातात किल्ली. आत का जाता येत नाही, ते त्यांना कळत नव्हतं. हिने त्यांना घरी नेलं, रॉकेलने हात धुतले आणि तोंड मिटलं. कारण हे तुम्हाला कळलं असतं, तर ती बॅग उद्याच्या ऐवजी आजच गेली असती."

सूनबाई ओठ दाबून रडत होती. "तुम्ही ऐकलंच नसतं," ती नवऱ्याला म्हणाली. "घरात आईंचं काही चुकत नाही हो. मिठाचा डबासुद्धा चुकत नाही. मी किती वेळा सांगितलं!"

"डोकं गेलेला माणूस आज या घरात शिरतो, उद्या त्या," वन्सं म्हणाल्या. "तुमची आई दर वेळी एकाच घरात शिरली. नेमकं एक दार अलीकडे. याला डोकं जाणं म्हणत नाहीत, सेक्रेटरी. याला हिशेब बरोबर असणं म्हणतात. आधी त्या दाराच्या रंगावरून घर ओळखायच्या. तुम्ही रंग पुसलात. मग त्या मोजायला लागल्या, तर तुम्ही एक दार वाढवलंत. त्यांचं चुकलं नाही. गल्ली चुकली."

"पण मूळ रंग हिरवाच होता!" सेक्रेटरी जवळजवळ ओरडले. बिचाऱ्याचा तोच एक आधार उरला होता. "मी पापुद्रे काढले!"

"कुणाच्या दाराचे?"

"माझ्या..."

वन्संनी त्यांना सभागृहात नेलं. समोरच्या भिंतीवर गल्लीचा जुना फोटो लावलेला आहे, काळा-पांढरा, आम्ही प्रत्येक सभेत त्याच्याच खाली बसतो. "याच्याप्रमाणे सगळं करायचं ठरलं होतं ना तुमचं? बघा. पंपाच्या खोलीला दार आहे?"

नव्हतं. जाळी स्पष्ट दिसत होती.

"आणि ही दारं. हे काळपट, शेजारचं पांढरट, हे मधलं, ते पुन्हा गडद. सगळी एकाच हिरव्याची असती तर फोटोत एकसारखी करडी नसती का आली? तुमचं हिरवं होतं हो. पण ते तुमच्या घराचं होतं. प्रत्येक घराला आपापला रंग होता, आणि तीच या गल्लीची तऱ्हा होती."

आम्ही सगळे त्या फोटोकडे बघत राहिलो. आता तर काही केल्या ते फरक दिसायचे थांबेनात. सेक्रेटरी खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने उठले आणि घरी गेले. मी काय, गेलेच मागोमाग.

ते आजीसमोर जमिनीवर बसले होते. "आई, सांगितलं का नाहीस, की दिसत नाही म्हणून?"

"तू इतक्या हौसेने केलंस रे सगळं," आजी म्हणाली. "सगळे तुझं कौतुक करत होते. म्हटलं, आपलं एक दार आपण गुपचूप रंगवून घेऊ. तेवढं कुणाला कळणार आहे?"

सेक्रेटरींनी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखे रडले. मग उठून त्यांनी ती बॅग उघडली आणि एकेक कपडा कपाटात परत लावायला घेतला. घड्या सगळ्या चुकीच्या घातल्या, पण मी मधे बोलले नाही.

पाच

सकाळी पाहणी मंडळ आलं. सेक्रेटरींनी त्यांना आधी पिवळं दार दाखवलं, मग फोटो, आणि आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. मंडळाच्या बाई बराच वेळ फोटोशी नाक लावून उभ्या होत्या. "रंग परत आणा, पंपाचं दार काढा, मग आम्हाला बोलवा," म्हणाल्या आणि हसत गेल्या. होकार पुढे ढकलला गेला खरा, पण सेक्रेटरींना त्याचं दुःख झालेलं मला तरी दिसलं नाही.

रंगाऱ्याला तर आनंदाचं भरतं आलं. त्याने प्रत्येक दार खरवडलं आणि ज्याचा त्याचा रंग शोधला. आजीच्या दाराला मात्र पिवळाच दिला. आईला लांबून दिसेल असं दार हवं, असं सेक्रेटरी म्हणाले, आणि खालचा हिरवा त्यांनी एका कोपऱ्यात आठवणीपुरता ठेवला. आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन होण्यासारखं आहे म्हणे. वन्संनी बॅग काही भरली नाही. त्या पैज जिंकल्या होत्या ना.

एकच माणूस हिरमुसला होता. पोस्टमास्तर. त्यांचं दार निळं निघालं, छान दिसत होतं, आणि तरी ते पायरीवर तोंड पाडून बसलेले. मी विचारलं तेव्हा नेहमीसारखे ओरडले नाहीत.

"आजी चुकून यायच्या, तर मी त्यांना कधी बोललो नाही," ते म्हणाले. "चहा टाकायचो. दोन घटका बोलायच्या. आता सरळ आपल्या घरी जातात."

त्या संध्याकाळी मी दुकान बंद करत होते. आजी बाकावरून उठली, भिंतीला हात न लावता चालत आली. पिवळ्या दारापाशी पोचली. तिथे थांबली, हसली, आणि उलट फिरून एक दार मागे आली. पायरी चढून तिने निळ्या दारावर दोन्ही हातांनी असं दणदणा ठोठावलं, की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

पोस्टमास्तरांनी दार उघडलं. "आजी, चुकलात! तुमचं घर पलीकडे!"

"माहीत आहे मला," आजी म्हणाली. "चहा टाका."